लेहची विरळ हवा आणि शरीराची मुदत

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात बोरी नावाचे गाव आहे. काळ्या जमिनीचा, ज्वारी-कापसाचा आणि वैशाखात अंग भाजून काढणाऱ्या उन्हाचा हा मुलूख. अशा गावातील एखादे सुखवस्तू कुटुंब उन्हाळ्याच्या सुटीत लडाख पाहावयास निघाले आहे, अशी कल्पना करावी. बोरीहून परभणी, परभणीस सचखंड एक्स्प्रेस, दुसऱ्या दिवशी दिल्ली. आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात पाऊल ठेवले की सव्वा तासाच्या आत लेह. खिडकीतून हिमशिखरांच्या रांगा दिसतात, विमान सिंधू नदीच्या खोऱ्यात उतरते, आणि दार उघडताच गार, कोरडी, काचेसारखी स्वच्छ हवा अंगावर येते. मंडळींना वाटते, आपण स्वर्गात आलो.

हा पहिला प्रहर मोठा फसवा असतो. उतरल्याबरोबर कोणास विशेष काही होत नाही. किंबहुना थंडीमुळे हुशारीच वाटते. तरुण मंडळी सामान टाकून बाजारात जातात, नऊ मजली राजवाड्याकडे चढू लागतात, छायाचित्रे घेतात. संध्याकाळ होते, आणि मग एकाचे कपाळ ठणकू लागते, दुसऱ्यास पानावरचे अन्न नकोसे होते, तिसरा जिना चढताना मध्येच कठड्यास टेकतो. रात्री कोणासही धड झोप लागत नाही. मंडळी म्हणतात, प्रवासाचा शीण असेल, विमानातले खाणे बाधले असेल. वास्तविक दोष प्रवासाचा नसतो आणि खाण्याचाही नसतो. शरीर एक अर्ज करीत असते. मला थोडी मुदत द्या, एवढेच त्याचे मागणे असते. तो अर्ज वाचता न आल्याने दर वर्षी कित्येकांची सहल फुकट जाते आणि क्वचित कोणाचा प्राणही जातो. म्हणून ह्या अर्जाची भाषा समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम उंचीचा हिशेब पाहावा. बोरीचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंचीवर आहे. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरांच्या आसपास. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. लेह शहर सुमारे ३,५०० मीटरांवर वसलेले आहे. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली तरी लेहचा बाजार तिच्याहून वरच राहतो. सह्याद्रीत कितीही गड चढून पाय कमावले तरी विरळ हवेचा अनुभव महाराष्ट्रात मिळत नाही, तो येथे उपलब्धच नाही. जे मराठी लोक हा अनुभव घेऊन आले आहेत, ते बहुधा केदारनाथाचे यात्रेकरू असतात; कारण केदारनाथाचे मंदिर ३,५८३ मीटरांवर, म्हणजे लेहच्याच तोलाच्या उंचीवर आहे.

विरळ हवा म्हणजे काय, हे परभणीकडच्या माणसास समजावून सांगणे सोपे आहे. कापसाचा मोठा ढीग घातला, तर तळचा कापूस वरच्या भाराने दबून घट्ट बसतो आणि माथ्यावरचा मोकळा, फुललेला राहतो. तळची मूठ आणि माथ्याची मूठ आकाराने सारखी; पण तळच्या मुठीत सरकी अधिक, माथ्याच्या मुठीत कमी. पृथ्वीभोवतालची हवा हा असाच एक ढीग आहे आणि माणसे त्याच्या तळाशी राहतात. वर जावे तसा भार हलका होतो आणि हवा मोकळी होते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र शेकडा एकवीसच असते, ते वर गेल्याने बदलत नाही. बदलतो तो हवेचा दाब. समुद्रकाठी पारा ७६० मिलिमीटरांपर्यंत चढतो, तो लेह येथे पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. अर्थात लेहमध्ये घेतलेल्या प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश एवढाच प्राणवायू असतो. छातीचा भाता तोच, श्वास तेवढाच खोल, पण पदरात पडणारा माल तिसऱ्या हिश्श्याने कमी.

ह्याची साक्ष स्वयंपाकघरातही मिळते. लेह येथे पाणी शंभर अंशांवर न उकळता अठ्ठ्याऐंशी अंशांच्या सुमारासच उकळते. ते भराभर उकळत असलेले दिसते, पण त्याच्या अंगी डाळ शिजविण्याइतकी धग नसते. उघड्या पातेल्यात तुरीच्या डाळीचे वरण करू पाहणाऱ्या गृहिणीस तासन् तास वाट पाहावी लागते. कुकरशिवाय तेथे गत्यंतर नाही. जी हवा डाळीला शिजू देत नाही, ती माणसालाही पहिल्याच दिवशी रुळू देत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

हा विकार नवा नव्हे. चीनच्या हान घराण्याच्या प्राचीन इतिहासग्रंथात पश्चिमेकडील वाटेवरच्या पर्वतांना ‘मोठा डोकेदुखीचा डोंगर’ आणि ‘लहान डोकेदुखीचा डोंगर’ अशी नावे दिलेली आढळतात. हिमालयातील वाटाडे ह्या त्रासास ‘बिष की हवा’ म्हणत. घाटमाथ्यावरील वनस्पतींच्या वासाने ही बाधा होते, अशी त्यांची समजूत होती. दक्षिण अमेरिकेत पेरूच्या पर्वतांत होसे दे अकोस्ता नावाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकास भयंकर ओकाऱ्या झाल्या. १५९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने, तेथील हवा माणसाच्या श्वासास सोसणार नाही इतकी सूक्ष्म आहे, असा अचूक तर्क केला. पुढे १६४८ मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने फ्रान्समधील प्वी द दोम डोंगरावर पाऱ्याची नळी नेली, आणि उंचीबरोबर पारा उतरतो हे सिद्ध केले. तथापि दुखण्याचे मूळ प्राणवायूच्या टंचाईत आहे हे निर्विवादपणे दाखविण्याचा मान पॉल बेर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाकडे जातो. बंद कोठडीतील हवेचा दाब कमी करून तो स्वतः आत बसे. डोके फिरू लागले की नळीने प्राणवायू घेई, आणि त्रास नाहीसा होई. त्याचा ग्रंथ १८७८ साली प्रसिद्ध झाला, आणि विषारी वनस्पतींची कथा तेथे संपली.

आता शरीर ह्या टंचाईस कसे तोंड देते ते पाहू. मानेतील मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी, जेथे नाडीचे ठोके बोटास लागतात तेथे, तांदळाच्या दाण्याएवढे दोन चौकीदार बसलेले आहेत. रक्तातील प्राणवायू घटला की ते मेंदूस वर्दी देतात. मेंदू श्वास वाढवितो, हृदयाचे ठोके वाढतात. पण येथे एक अडचण उभी राहते. श्वास जोरात चालला की शरीरातील कार्बनचा वायू अधिक बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी होऊ लागते. रक्त असे बदलले की मेंदू उलट आज्ञा देतो, श्वास आवर. म्हणजे एक अधिकारी ‘धाव’ म्हणतो आणि दुसरा ‘थांब’ म्हणतो. हा तंटा मूत्रपिंडे मिटवितात. रक्तातील जादा क्षार ती लघवीवाटे हळूहळू बाहेर टाकतात, आणि मग श्वासास मोकळीक मिळते. ह्या कामास दोन ते चार दिवस लागतात. उंचीवर गेल्यावर वारंवार लघवीस होते, ते वाईट लक्षण नसून काम चालू असल्याची खूण आहे.

पहिल्या रात्रींची बेचैनीही ह्या तंट्यातूनच येते. झोपेत श्वास काही वेळ जोरात चालतो, मग मंद होत होत क्षणभर थांबतो, आणि माणूस दचकून उठतो. शेजारी झोपलेल्यास ते ऐकून धडकी भरते. एरवी प्रकृती बरी असेल, तर एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. ह्यापुढची तयारी रक्तात होते. मूत्रपिंडांतून निघालेल्या संदेशावरून हाडांतील मज्जा अधिक तांबड्या पेशी घडवू लागते, परंतु ह्या कामास आठवडे लागतात. आठ दिवसांच्या सहलीस गेलेल्या प्रवाशास ह्या शेवटच्या तयारीचा लाभ मिळण्यापूर्वी तो घरी परतलेला असतो. त्याचा सारा भरवसा पहिल्या दोन-चार दिवसांच्या विश्रांतीवर.

लेहच्या इतिहासाकडे ह्या दृष्टीने पाहिले तर एक मौज दिसते. सतराव्या शतकात सेंगे नामग्याल राजाने बांधलेला तो नऊ मजली वाडा ज्या बाजाराकडे पाहत उभा आहे, तो बाजार शतकानुशतके मध्य आशियाच्या व्यापाराचा मोठा नाका होता. यारकंदचे व्यापारी काराकोरमची खिंड ओलांडून येत, काश्मीर आणि पंजाबचे व्यापारी दुसऱ्या बाजूने येत. लोकर, चहा, रेशीम, गालिचे ह्यांची येथे अदलाबदल होई. ह्या सर्व लोकांना हवेची बाधा माहीत होती. पण ते पायी किंवा तट्टांवरून, मुक्कामामागून मुक्काम करीत येत, आणि लेहला पोहोचेपर्यंत त्यांच्या देहाचे काम वाटेतच उरकलेले असे. वाटेची संथ गती हेच त्यांचे औषध होते, आणि ते घेत असल्याचे त्यांना ठाऊकही नव्हते. केदारनाथाच्या जुन्या मराठी यात्रेकरूंचेही असेच. हृषीकेशापासून चट्टीचट्टीला मुक्काम करीत, दिवसामागून दिवस चालत ते वर जात. आज हेलिकॉप्टर काही मिनिटांत देवाच्या दारी उतरवितो. श्रम वाचले हे खरे, पण त्या श्रमांत दडलेली मुदतही गेली.

लेहची ही मुदत कधी गेली, त्याचा दिवस सांगता येतो. १९४८ च्या मे महिन्यात लेह शत्रूच्या वेढ्यात सापडण्याची धास्ती होती. सोनम नोर्बू नावाच्या लडाखी अभियंत्याच्या देखरेखीखाली सिंधूकाठच्या वाळूत एक धावपट्टी तयार करण्यात आली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग ह्यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन आपले डाकोटा विमान त्या पट्टीवर उतरविले. त्या साहसाने लेह वाचले. परंतु त्या दिवसापासून सपाटीवरचा माणूस एका सकाळीच लेहला पोहोचू लागला, ही गोष्टही तितकीच खरी.

त्याचे परिणाम सैन्यास फार भोगावे लागले. १९६२ च्या चीनच्या आक्रमणाच्या वेळी मैदानी छावण्यांतील हजारो जवानांना घाईने हिमालयाच्या उंचीवर न्यावे लागले. धडधाकट, कमावलेल्या अंगाचे तरुण शत्रूची गोळी न लागता आजारी पडू लागले. कित्येकांच्या फुप्फुसांत पाणी साचले. सैन्यातील डॉक्टरांनी ह्या दुखण्याचा कसून अभ्यास केला. मेनन ह्यांनी लेहच्या रुग्णालयातील फुप्फुसांत पाणी झालेल्या १०१ रुग्णांचा वृत्तांत १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. आणि इंदरसिंग व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६९ मध्ये १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारलेला लेख लिहिला. जगभरचे वैद्यकशास्त्र आजही ह्या दोन लेखांचा आधार घेते. शरीर कमावलेले असणे हे ह्या विकारावर चिलखत नव्हे, हा त्यांतून मिळालेला मुख्य धडा होय. उलट ज्यास आपल्या शक्तीचा भरवसा असतो तो पहिल्याच दिवशी धावपळ करतो आणि आधी पडतो. तेव्हापासून भारतीय सेनेने वेळापत्रकच ठरविले आहे. ९,००० ते १२,००० फुटांच्या उंचीवर सहा दिवस, त्यावर १५,००० फुटांपर्यंत आणखी चार दिवस आणि त्याच्याही वर जावयाचे तर आणखी चार दिवस. आरंभीचे दिवस केवळ विश्रांतीचे, मग थोडे चालणे, मग थोडी चढण. जेथे शिस्तीने बांधलेल्या जवानासही सहा दिवस देतात, तेथे बोरीच्या गृहस्थाने सहा तासही देऊ नयेत, हे शहाणपणाचे खास नव्हे.

तर मग त्याने करावे तरी काय? विमानाने गेल्यास पहिला दिवस अंथरुणाशी किंवा खुर्चीशी इमान राखावे. दिवसा झोप काढण्यापेक्षा पडून, बसून, गप्पा मारीत वेळ घालवावा. दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्याने बाजारात सावकाश फेरी मारावी. चालता चालता वाक्य पुरे करता येईल, इतकाच वेग ठेवावा; बोलताना धाप लागली तर वेग जास्त झाला असे समजावे. लडाखच्या प्रशासनानेही येणाऱ्या प्रवाशांना पहिले अठ्ठेचाळीस तास विश्रांतीची सूचना दिलेली आहे. तिसऱ्या दिवशी शे आणि ठिकसे ह्यांसारखी सिंधूच्या खोऱ्यातील, जवळपास लेहच्याच उंचीवरील स्थळे पाहावीत. राजवाड्याची चढणही ह्यानंतरच. जेवण हलके, पण वेळेवर असावे. भात, खिचडी, सूप असे पदार्थ सोसतात. हवा अतिशय कोरडी असल्यामुळे नुसत्या श्वासावाटेही शरीरातील पाणी जाते. म्हणून तहानेपुरते पाणी, चहा, सरबत घेत राहावे. मात्र घागरभर पाणी पिऊन ही बाधा टळत नाही. मद्य आणि झोपेच्या गोळ्या कटाक्षाने वर्ज्य समजाव्यात, कारण ज्या श्वासावर सारा भार आहे तोच त्यांनी मंदावतो.

मोटारीने जाणाऱ्यांनी वाटेची निवड विचाराने करावी. श्रीनगर १,५८५ मीटरांवर आहे. तेथून निघून झोजी-लाचा घाट ओलांडून रात्रीस २,६७६ मीटरांवरील कारगिल गाठावे आणि दुसऱ्या दिवशी फोतू-ला ही ४,१०८ मीटरांची खिंड ओलांडून लेहला उतरावे, हा क्रम शरीरास मानवतो. मनालीकडील वाट रमणीय खरी. परंतु त्या वाटेवर पुष्कळजण रात्रीचा मुक्काम सर्चू येथे, म्हणजे सुमारे ४,३०० मीटरांवर, लेहहूनही पुष्कळ उंच अशा जागी करतात, आणि ती रात्र त्यांना जन्मभर आठवते. येथे गिर्यारोहकांचा एक साधा नियम उपयोगी पडतो. दिवसा कितीही उंच जावे, पण निजावयास खाली यावे. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर निजण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये. ह्या नियमाने पाहिले तर खारदुंग-ला ही ५,३५९ मीटरांची खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यात सुमारे ३,१०० मीटरांवर झोपणे त्यामानाने सोपे, आणि ४,२०० मीटरांहून उंच असलेल्या पँगाँग सरोवराच्या काठी झोपणे अवघड. म्हणून पँगाँगचा मुक्काम सहलीच्या अखेरीस ठेवावा. आणि खिंडीवर पंधरा-वीस मिनिटांहून अधिक रेंगाळू नये.

इतके करूनही कोणास त्रास होणार नाही, असे नाही. नुसते डोके दुखणे, भूक न लागणे, मळमळ, थकवा ही बाधेची पहिली पायरी होय. तिच्यावर उपाय एकच, आहे तेथेच थांबणे. एक-दोन दिवसांत बहुतेकांस आराम पडतो. बरे वाटेपर्यंत एक पाऊलही वर टाकू नये, हा ह्या शास्त्रातील पहिला आणि शेवटचा नियम. धोका पुढच्या पायरीवर असतो, आणि तिची दोन रूपे आहेत. एक, स्वस्थ बसले असताही धाप लागणे, कोरडा खोकला, ओठ-नखे निळसर होणे, आणि पुढे खोकल्यावाटे गुलाबी फेस येणे. हे फुप्फुसांत पाणी साचल्याचे लक्षण, आणि ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत, विशेषतः रात्री प्रकट होते. दुसरे, चालताना झोक जाणे, असंबद्ध बोलणे, गुंगी येणे. ही मेंदूस सूज आल्याची खूण. शंका येताच त्या माणसास एका सरळ रेषेवर, टाचेला अंगठा लावीत दहा पावले चालावयास सांगावे. तोल गेला तर घड्याळाकडे न पाहता, रात्र असो की पहाट, रुग्णालय गाठावे.

ह्या ठिकाणी एका कौटुंबिक गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे, कारण वैद्यकीय पुस्तकांत ती सहसा नसते. आपल्या घरांत दुखणे लपविण्यास गुण मानतात. सर्वांनी इतका खर्च करून सहल काढली, त्यात माझ्यामुळे खोडा नको, म्हणून घरातील काकू ‘मला काही झाले नाही, तुम्ही फिरून या’ असे म्हणून खोलीत एकटी पडून राहते. दुसरीकडे विशी-पंचविशीचा पुतण्या, चारचौघांत नाजूक ठरण्याच्या लाजेने, डोके फुटत असता हसत हसत खिंडीकडे निघतो. एकीचा संकोच आणि दुसऱ्याचा अभिमान, दोन्ही तितकेच घातक. सपाटीवर अशी सहनशीलता शोभते. त्या उंचीवर तिची किंमत जिवाने मोजावी लागते. म्हणून घरातील कर्त्या माणसाने निघण्यापूर्वीच सर्वांना एकत्र बसवून सांगून ठेवावे की, ह्या प्रवासात डोके दुखते असे प्रथम सांगणारा अपराधी नव्हे, तो सर्वांवर उपकार करणारा आहे. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकास नावाने विचारावे; विशेषतः जो गप्प बसला आहे, जो जेवावयास आला नाही, त्यास. आणि आजाऱ्यास खोलीत एकटे कधीही टाकून जाऊ नये.

अशा रुग्णास खाली उतरविणे हा सर्वश्रेष्ठ उपचार होय. परंतु लेहची गंमत अशी की, तेथून खाली येण्याची बहुतेक वाट आधी वर चढते. मनालीस जावयाचे तर पाच हजार मीटरांहून उंच खिंड आडवी येते. श्रीनगरच्या वाटेवर फोतू-ला आहे. म्हणून लेह शहरात असताना रुग्णास घेऊन घाटाकडे धावणे हिताचे नसते. शहरातील रुग्णालय गाठावे. तेथे प्राणवायू आणि विश्रांती मिळाली तर वेळेवर आणलेले बहुतेक रुग्ण बरे होतात, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास विमानाने खाली जाता येते. उलट पँगाँगसारख्या ठिकाणी असाल तर लेहकडे येण्यात क्षणाचाही विलंब करू नये. लेहच्या जिल्हा रुग्णालयास सोनम नोर्बू ह्यांचे नाव दिलेले आहे. ज्या अभियंत्याच्या धावपट्टीने माणसे झटपट वर येऊ लागली, त्याच्याच नावाच्या रुग्णालयात झटपट आलेल्यांवर उपचार होतात.

घरगुती उपायांविषयी दोन शब्द. यात्रेस निघणारे पुष्कळ लोक कापराची वडी रुमालात बांधून हुंगतात. तिच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण रक्तात प्राणवायूचा एक कणही वाढत नाही. आणि कापूर पोटात गेला तर तो विषच आहे. लसणीची पाकळी चघळण्यास हरकत नाही, मात्र तिच्या जोरावर खिंड चढू नये. बाजारात मिळणारी प्राणवायूची लहान डबी काही मिनिटे आराम देते, आणि त्या आरामाने माणूस फसून आणखी वर जातो, हाच तिचा तोटा. ॲसिटाझोलामाइड ह्या औषधाचा मात्र खरा उपयोग होतो. मूत्रपिंडे जे काम सावकाश करतात ते हे औषध लवकर करविते. तथापि ते सर्वांस चालत नाही. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. हृदयविकार, दमा, फुप्फुसांचे जुने दुखणे, काबूत नसलेला रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी तिकिटे काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आपल्या बायकांत रक्त कमी असण्याचे प्रमाण बरेच असते. प्राणवायू वाहून नेणारे रक्तच कमी असेल तर उंचीवर ओढाताण दुप्पट होते. साध्या रक्ततपासणीने ते महिनाभर आधी कळू शकते.

मग लडाखी माणूस तेथे जन्मभर कसा राहतो, असा प्रश्न कोणासही पडेल. तिबेटच्या पठारावरील लोकांच्या रक्तात पिढ्यान् पिढ्यांच्या वस्तीने काही आनुवंशिक गुण उतरले आहेत. त्यामुळे रक्त प्रमाणाबाहेर दाट न होता त्यांचा श्वास पुरतो. हा गुण एका लुप्त झालेल्या मानववंशाकडून, डेनिसोवन लोकांकडून, त्यांच्याकडे आल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्यांना जे हजारो वर्षांनी मिळाले ते पाहुण्यास दोन दिवसांत मिळणार नाही. त्यास मिळू शकते ते एवढेच की, चार दिवसांचा पाहुणा म्हणून राहण्याइतकी परवानगी.

आणि परवानगीची ही रीत बोरीच्या माणसास परकी नाही. मे महिन्यात, पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असता, थंड प्रदेशातील कोणी पाहुणा गावी उतरला, तर त्यास त्याच दुपारी शेतावर कोणी नेत नाही. ओसरीवर बसवितात, गूळपाणी देतात, कांदा खा म्हणतात, ऊन उतरल्यावर बाहेर काढतात. उन्हाची सवय होण्यास आठ-पंधरा दिवस लागतात, हे गावातील प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असते, आणि पाहुण्याने उगीच मर्दुमकी दाखविली तर म्हातारी माणसे त्यास रागे भरतात. तोच न्याय लेह येथे स्वतःस लावावयाचा आहे. तेथे पाहुणा आपण, आणि यजमान तो पर्वत. राजवाडा साडेतीनशेहून अधिक वर्षे तेथे उभा आहे. तो दोन दिवस वाट पाहील.